चालक बदल

१

सुट्ट्या लागल्या की अख्ख्या शहराला एकाच सकाळी बाहेर पडायची हुक्की येते. शनिवार, साडेसहा, टपावर बॅगा आणि मागच्या सीटवर भांडणारी पोरं. मग सगळे मिळून त्याच एका नाक्यावर तीन-तीन तास उभे राहतात आणि "यंदा गर्दी फारच वाढली हो" असं एकमेकांना खिडकीतून सांगतात. गर्दी करणारे जणू दुसरेच कोणी असतात!

मिनिटराव या लोकांना मनापासून हसायचे. हसायचा त्यांना हक्कही होता, कारण बत्तीस वर्षं त्यांनी बस डेपोत वेळापत्रकं बनवली होती. 'मिनिटराव' हे ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं नाव. ते निवृत्तीनंतर त्यांच्या मागोमाग घरी आलं आणि मग पेपरवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. बायको तेवढी 'अहो' म्हणायची.

गेल्या वर्षी मात्र हसं झालं ते त्यांचंच. बायकोच्या ताईने शनिवारीच या म्हणून हट्ट धरला आणि हेही सगळ्यांसारखे शनिवारी निघाले. सहा तासांच्या रस्त्याला अकरा तास लागले. पहिला गिअर, ब्रेक, पहिला गिअर, ब्रेक. नवव्या तासाला बायको खिडकीकडे तोंड करून रडायला लागली, अगदी आवाज न करता. मिनिटरावांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. पुढे तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "प्रवास सहा तास. त्यावर नाही. आणि गचके अजिबात चालणार नाहीत."

ताई तळ्याकाठच्या गावात राहायची. बायकोहून आठ वर्षांनी मोठी, गुडघे गेलेले. तिचे यजमान, म्हणजे बायकोचे भाऊजी, माणूस लाखमोलाचा, पण नजर अधू झाल्यापासून गाडीला हात लावत नसत. तेव्हा बहिणी भेटणार त्या वर्षातून एकदा, याच दिवसांत, आणि तेही हे गेले तर. "यंदा राहू दे गं, पाठ सांभाळ," ताई फोनवर म्हणाली. "हो, राहू दे," बायको म्हणाली आणि आत जाऊन उगाचच भांडी घासत बसली.

मिनिटराव स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "तुला ताईकडे नेणार. आणि एकदाही कळ येऊ देणार नाही. शब्द देतो."

"तुमचा शब्द गेल्या वर्षीही होता," ती म्हणाली, पण हसली.

२

मग काय, मिनिटरावांना दुसरं तारुण्यच आलं. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले. जेवायचं ताट मांडीवर गेलं.

शनिवार, रविवार बाद. सोमवारी परतणाऱ्यांची रांग. मंगळवार बरा. सकाळी नऊपर्यंत मालाचे ट्रक शहरात शिरतात, साडेनऊपर्यंत ऑफिसं भरतात, म्हणजे नऊ चाळीसला निघावं. नवा रुंद हमरस्ता सोडून जुना बोगद्याचा रस्ता धरावा. तिकडे आता कोणी फिरकत नाही, कारण प्रत्येकाला घाई असते. नऊ चाळीस ते तीन चाळीस. सहा तास, तंतोतंत.

"कागदावर सगळं छान असतं," बायको म्हणाली.

"म्हणूनच बैठी फेरी घ्यायची."

बैठी फेरी ही डेपोतली जुनी पद्धत. नवं वेळापत्रक लागू करण्याआधी कार्यालयात खुर्च्या मांडायच्या. एकीवर ड्रायव्हर, शेजारी वेळापत्रकवाला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मार्ग बसल्या जागी चालवायचा. चार तासांचा मार्ग तर चार तास. थांबा आला की मोठ्याने पुकारायचा आणि तक्त्यावर वेळ लिहायची. नवे लोक हसायचे. पण बैठ्या फेरीत ज्या चुका सापडत त्या कोणाच्या बापाला कागदावर सापडल्या नसत्या. नियम एकच आणि कडक. सुरू केलेली फेरी मोडायची नाही. मोडली तर पहिल्या थांब्यापासून पुन्हा. ड्रायव्हरला उठावंच लागलं, तर तक्त्यावर 'चालक बदल' लिहून दुसऱ्याला खुर्चीत बसवायचं.

"म्हणजे मी सहा तास हॉलमध्ये बसून राहू?"

"तुझी पाठ सहा तास टिकते का, ते घरीच कळेल. दुखली तर उठून पलंगावर आडवी हो. रस्त्यावर कुठे आडवी होणार आहेस?"

ती म्हणाली, "लोक वेड्यात काढतील."

"दार लावून घेऊ."

३

निघायच्या बरोबर एक आठवडा आधी, मंगळवारीच, सकाळी हॉलमध्ये दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. मिनिटरावांच्या पुढ्यात एक लाकडी स्टूल, त्यावर तक्ता, पेन आणि फोन. बायकोच्या पाठीशी पिवळ्या अभ्र्याची उशी. थर्मासमध्ये चहा. खिडकीतून छान ऊन येत होतं.

"पट्टा लावलास?" मिनिटरावांनी विचारलं.

"लावला हो लावला," असं म्हणत तिने पदर आडवा घेतला आणि दोघंही खो खो हसत सुटली.

नऊ चाळीसला गाडी सुटली. पहिला तास मजेत गेला. मिनिटराव पुकारत होते, "जकात नाका. रेल्वेचं फाटक, उघडं आहे. शहर संपलं." बायको काल्पनिक खिडकीतून बाहेर बघत होती. "अहो, इथे किती नवी घरं झालीत," असं मधूनच म्हणत होती. मग दोघं मुलाबद्दल बोलली, सुनेच्या नव्या नोकरीबद्दल बोलली, ताईसाठी काय न्यायचं ते ठरलं. एवढा वेळ एकमेकांशेजारी नुसतं बसून गप्पा मारल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. मिनिटरावांना वाटलं, प्रवास नाही झाला तरी चालेल, हेच दर मंगळवारी करावं.

अकरा पंचवीसला नदीचा पूल. पुलापलीकडे पेट्रोल पंप. ठरल्याप्रमाणे त्यांनी पंपवाल्याला फोन लावला. हीसुद्धा त्यांची युक्ती. गाडी जिथे पोचली असती, तिथल्या ओळखीच्या माणसाला त्याच वेळी विचारायचं की रस्ता कसा आहे.

"एकदम मोकळा साहेब," पंपवाला म्हणाला. "तासाभरात एक गाडी आली असेल. ती काय, समोरच उभी आहे. राखाडी. म्हातारे नवराबायको आहेत."

"वा!" मिनिटराव खूश झाले. "म्हणजे आमच्यासारखे शहाणे आणखी आहेत म्हणायचे."

"काकू फार हसताहेत हो. पाठीला मोठी पिवळी उशी घेतलीय. बरं साहेब, ठेवतो. ते काका मला हात करताहेत."

फोन बंद झाला. मिनिटरावांचा उजवा हात हवेत होता. पुकारताना हात वर करायची त्यांची सवय. त्यांनी तो सावकाश खाली घेतला.

"काय म्हणाला?" बायकोने विचारलं.

"रस्ता मोकळा आहे," ते म्हणाले आणि तक्त्यावर अकरा पंचवीस लिहिलं.

४

आता राखाडी गाड्या जगात काय कमी आहेत? त्यांची स्वतःची राखाडी गाडी खाली जागेवर उभी होती, सकाळीच तिच्यावरची धूळ पुसली होती. पाठदुखीच्या बायका काय कमी आहेत? उशीला पिवळाच अभ्रा का, तर पिवळ्यावर हळदीचे डाग दिसत नाहीत. मिनिटरावांनी सगळं नीट मांडून बघितलं आणि हिशेब जुळला. मन मात्र काही केल्या जुळेना.

बायको मजेत होती. "पाठ?" त्यांनी विचारलं.

"जरा जाणवतेय. पण बरी आहे."

बारा पन्नासला बोगदा. "दिवे लावा," बायको म्हणाली आणि गंमत म्हणून तिने डोळे मिटून घेतले. "दीड किलोमीटर लांब आहे ना? संपला की सांगा."

तेवढ्यात दारावर थाप पडली. मीटरवाला. वर्षभर कधी वेळेवर न येणारा तो माणूस नेमका आज उगवला. मीटरची पेटी तळमजल्यावर, तिला कुलूप, आणि किल्ली या मजल्यावर मिनिटरावांकडे. ते आतूनच ओरडले, "उद्या या!" बाहेरून आवाज आला, "उद्या नाही, मग पुढच्या महिन्यात. दंड लागेल."

मिनिटराव कात्रीत सापडले. उठलं की फेरी मोडली. मोडली की पुन्हा नऊ चाळीसपासून, आणि बायको काही दुसऱ्यांदा सव्वातीन तास बसणार नाही. तिला उठवून पुन्हा बसवायचं म्हणजे तीन दिवस पलंग. हात आपोआप तक्त्याकडे गेला. बत्तीस वर्षांची सवय ती! बोगद्याच्या ओळीपुढे त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'चालक बदल'. शेजारी नव्या चालकाचं नाव लिहायचा रकाना होता. घरात तिसरं होतं कोण? तो त्यांनी कोरा सोडला.

"मी आलोच," ते म्हणाले. "गाडी चालू आहे, तू बसून राहा."

"हं," डोळे न उघडता बायको म्हणाली.

५

मीटर वाचून, सही करून वर यायला अकरा मिनिटं लागली.

हॉलमध्ये सगळं जसंच्या तसं होतं. ऊन, थर्मास, घड्याळ. बायको डोळे मिटून बसलेली, चेहरा शांत. पण मिनिटराव दारातच थांबले. त्यांची खुर्ची पुढे सरकलेली होती. फार नाही, वीतभर. स्टुलाच्या अगदी जवळ. त्यांच्याहून बुटका माणूस चालवायला बसला, तर सीट पुढे ओढून घेईल तेवढी.

उठताना आपणच ढकलली असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. पण उठताना माणूस खुर्ची मागे ढकलतो.

"आता कसं छान चालवताय," बायको डोळे मिटूनच म्हणाली. "बोगद्यापासून एक गचका नाही. आधी तुम्ही उगाच ब्रेक मारत होतात."

तिचं तोंड त्यांच्याकडे नव्हतंच. ती रिकाम्या खुर्चीशी बोलत होती.

पुढे होऊन मिनिटरावांनी खुर्चीची पाठ धरली आणि ती मागे ओढायला गेले. खुर्ची जड लागली. जेमतेम बोटभर हलली असेल, तोच बायको कळवळली, "आई गं! अहो, काय हे, हळू!" आणि तिचा हात कमरेवर गेला. तोंडाचा सगळा रंग उडाला.

त्यांनी खुर्ची सोडून दिली. दोन क्षणांत तिचा श्वास पुन्हा संथ झाला, कपाळावरच्या आठ्या विरल्या.

"खड्डा असेल," ती पुटपुटली. "असू दे."

६

एक चाळीसला चहाची टपरी. तक्त्यावर तसं लिहिलंच होतं. मिनिटरावांनी फोन उचलला तो स्टुलाच्या बाजूने, हात लांब करून, खुर्चीला धक्का न लावता. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले.

टपरी चालवणारी बाई त्यांना वीस वर्षं ओळखत होती. त्यांचा आवाज ऐकून ती गोंधळली.

"अगंबाई, साहेब तुम्ही? मग गाडीत कोण आहे?"

"कुठल्या गाडीत?"

"तुमच्याच. आत्ता थांबली होती. वहिनींना मी चहा नेऊन दिला खिडकीत. तब्येत काय झकास दिसतेय हो त्यांची! गेल्या वर्षी परतताना थांबलात तेव्हा बघवत नव्हतं."

"चालवतंय कोण?" मिनिटरावांनी अगदी हळू विचारलं.

फोनमध्ये टपरीवरच्या स्टोव्हचा आवाज येत राहिला.

"मला वाटलं तुम्हीच," ती म्हणाली. "म्हणजे तोंड नाही बघितलं मी. ते पलीकडे बघत होते. पण हात किती जपून ठेवला होता वहिनींच्या खांद्यावर, म्हणून मला वाटलं तुम्हीच असणार."

मिनिटरावांनी फोन ठेवला. थर्मासचं झाकण उघडं होतं आणि बायकोच्या ओठांना चहाचा ओलावा होता. तिने घेतला असेल आपण खाली असताना. घेतलाच असेल.

तिला हलवून जागं करायचं, बस्स. हा पोरखेळ इथेच थांबवायचा. ते तिच्यापुढे येऊन गुडघ्यावर बसले. हात पुढे केला आणि तसाच राहिला, कारण तिचा चेहरा त्यांनी इतक्या जवळून बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. ऑपरेशनपासून झोपेतसुद्धा तिच्या ओठांच्या कडा ताणलेल्या असायच्या. आता त्या सैल होत्या. ती सुखात होती. त्यांनी शब्द दिला होता तो नेमका हाच, आणि कोणीतरी तो पाळत होतं.

मध्येच उठवलं तर? नुसती खुर्ची हलली तर ती एवढी कळवळली होती.

त्यांनी हात मागे घेतला. दोनच तास तर राहिलेत, ते म्हणाले, आणि पलीकडच्या सोफ्यावर जाऊन बसले. बैठी फेरी शेवटच्या थांब्याला आपोआप संपते. मग उठेल, जेवेल, रात्री दोघं या सगळ्यावर हसतील. बाहेर ऊन कललं. कुठेतरी एक बारीक टकटक चालू होती आणि मधूनच थांबत होती. घड्याळाची नव्हे. वळणावर दिवा लावला की गाडीत जशी वाजते, तशी.

७

तीन चाळीसला बायकोने डोळे उघडले.

ती उठली. कशाचाही आधार न घेता, हात गुडघ्यावर न टेकता, सरळ उभी राहिली. मिनिटरावांचे डोळे भरून आले. भीती वगैरे सगळं त्या क्षणी विसरले ते. "अगं, बघ! बघ कशी उठलीस!" असं म्हणत ते पुढे झाले.

तिने पदर नीट केला आणि त्यांच्याकडे बघून छानसं हसली. पाहुण्याघरी हसतात तसं.

"बरं आहे ना, भाऊजी?" ती म्हणाली. "ताई आत आहे का?"

"अगं, मी आहे," मिनिटराव म्हणाले. "आपण घरीच आहोत. बैठी फेरी झाली. संपली."

तिने ऐकून घेतलं, मोठ्या माणसाचं बोलणं ऐकून घेतात तसं, मान हलवत. नजर अधू झालेल्या भाऊजींना काही दिसत नाही, हे तिला ठाऊक होतंच. तिने समजूत घातली, "बसा हो तुम्ही, धावपळ नका करू. हे येताहेत मागून. गाडी लावताहेत."

खाली गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

मिनिटराव खिडकीकडे धावले. त्यांची गाडी होती तिथेच होती, पण सकाळी पुसलेल्या काचेवर आता बोटभर धूळ होती. आसपास कोणी नव्हतं. जिन्यात मात्र पावलं वाजायला लागली होती. घाई नव्हती त्यांत. लांबून गाडी चालवून आलेला माणूस जसा अंग मोकळं करत, एकेक पायरी चढत येतो, तशी.

पहिला मजला. दुसरा. मिनिटरावांनी दाराशी झेप घेतली आणि कडी सरकवली. पुरी बसलीही नव्हती, तोच मागे बायको "आई गं!" म्हणून किंचाळली. वळून बघतात तर ती भिंतीला टेकलेली, दोन्ही हात कमरेवर, ओठ पांढरे. "काय झालं हो? आत्ता तर काहीच नव्हतं. भाऊजी, एवढ्या रस्त्यात एकदाही कळ आली नाही मला, एकदाही नाही!" तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. गेल्या वर्षी गाडीत आलं होतं तसंच, आवाज न करता.

पावलं दाराबाहेर येऊन थांबली. बाहेरच्याने ना थाप मारली, ना हाक दिली. आपल्याला आत घेणार याची त्याला खात्री असावी. दाराखालच्या फटीतून बुटांची टोकं दिसत होती, स्वच्छ पुसलेली, एकमेकांशी जुळवून ठेवलेली.

मिनिटरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग कडी हळूच, आवाज न करता मागे ओढली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसेपर्यंत थांबले. आणि दार उघडून, वाटेतून बाजूला होत, खाली मान घालून म्हणाले, "या."